होविताची एकच चूक

“सोय विउदा,” बाई म्हणाल्या. “मी विधवा आहे. म्हणा बघू, मामाय होविता. सोय विउदा.”

“एस्तोय विउदा,” होविता म्हणाली.

नोएमीबाईंनी खडू खाली ठेवला. वर्गात सगळे पिकल्या केसांचे विद्यार्थी. गावात अशा बाईला ‘मामाय’ म्हणजे आई म्हणायचे, पुरुषाला ‘तायता’ म्हणजे बाबा. कुणी चातीवर लोकर कातत होतं, कुणी गालात तंबाखूसारखी कोकाची पानं धरून बसलं होतं. घरी सगळे क्वेचुआ बोलायचे. स्पॅनिश लागायची ती खाली शहरात, कचेरीत नाहीतर दवाखान्यात. म्हणून या वयात हा खटाटोप.

“परत सांगते,” बाई म्हणाल्या. “आपल्या क्वेचुआत ‘आहे’ एकच. स्पॅनिशमध्ये दोन. जे बदलत नाही त्याला ‘सोय’. मी बाईमाणूस आहे, मी या गावची आहे. आणि जे आज आहे पण उद्या नसेल, त्याला ‘एस्तोय’. मी दमलेय, मी बाजारात आहे, मला सर्दी झालीय. आता तुम्हीच सांगा, नवरा जाणं म्हणजे सर्दी आहे का?”

“तिचा नवरा होता खरा सर्दीसारखा,” शेजारची सातुर्निना म्हणाली. “एकदा आला की हलायचं नाव नाही.”

वर्ग हसला. होविताही हसली. हसून झाल्यावर म्हणाली, “एस्तोय विउदा.”

“सोय, सोय,” मागच्या बाकावरून मेल्चोर कुजबुजला. तिला मदत म्हणून.

होविताने वळूनही पाहिलं नाही.

बाईंना तिचं नवल वाटायचं. एरवी होविता चुकत नसे. नियमाला न जुमानणारी क्रियापदं तर तिची विशेष लाडकी. ‘सबेर’ म्हणजे माहीत असणं, म्हणून ‘मला माहीत आहे’ला बाकीचे बिचारे ‘सबो’ म्हणायचे. होविता बरोबर ‘से’ म्हणायची. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणं, त्याचं ‘तेंगो’ तिला पहिल्या दिवशी पाठ झालं. ‘इर’ म्हणजे जाणं, मग ‘मी जातो’ला ‘वोय’ कसं, असं मेल्चोरने एकदा डोकं खाजवत विचारलं, तेव्हा बाईंच्या आधी तीच बोलली होती. “कसं म्हणजे? तुमच्या खेचरासारखं. तुम्ही दोर ओढता इकडे, ते जातं तिकडे.”

मेल्चोरचा जन्म खेचरं हाकण्यात गेला होता. क्रियापदं त्याला दाद देत नसत. एक वाक्य मात्र त्याला पक्कं येत होतं. “सोय विउदो.” मी विधुर आहे. हे तो छाती काढून म्हणायचा, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाई शाबास म्हणायच्या. होविताच्या चातीवरचा धागा नेमका तेव्हाच तुटायचा.

आज मेल्चोरचा वर्गातला शेवटचा दिवस होता. दाराशी त्याचं गाठोडं होतं आणि थंडीत वाळवलेल्या बटाट्यांचं एक पोतं. लिमाला मुलीकडे जायचं होतं. जावयाला क्वेचुआ येत नाही, म्हणून तर हा वर्ग धरला होता. एकटं राहून करणार काय, असं मुलगी म्हणाली, आणि त्याने गाठोडं बांधायला घेतलं. जायचं त्याच्या मनात नव्हतं. एका माणसाने राहा म्हटलं असतं तरी तो राहिला असता. पण ते माणूस पुढच्या बाकावर त्याच्याकडे पाठ करून बसलं होतं, आणि स्वतःहून विचारायची त्याची छाती नव्हती. भरल्या खेचराला कड्यावरून उतरवणं त्याला यापेक्षा सोपं वाटायचं.

बाहेर शहराकडे जाणाऱ्या व्हॅनचा हॉर्न वाजला.

मेल्चोर उठला. गाठोडं हातात घेऊन एकेकाचा निरोप घेत पुढे आला. सातुर्निनाने त्याच्या मुठीत कोकाची पानं कोंबली. होविताच्या बाकाशी आल्यावर तो थांबला. काय बोलावं हे रात्रभर घोकलं होतं, ते सगळं आता पार पुसलं गेलं.

“येतो मग,” तो म्हणाला. टोपी काढली, परत घातली. “जाता जाता एक सांगू का? राग नका मानू. तुमचं सगळं बरोबर असतं. तेवढं एक ‘सोय विउदा’ म्हणत जा. मी नाही का म्हणत?”

होविताने चाती मांडीवर ठेवली.

“बटाटे काढायच्या आधीपासून चुकतेय मी,” ती म्हणाली. “तुम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने चुकतेय. सगळ्या वर्गापुढे हसं करून घेतेय. आणि तुम्ही मागे बसून ‘सोय, सोय’ करता!”

चात्या थांबल्या. बाईंनी घाईने फळ्याकडे तोंड वळवलं आणि जे आधीच पुसलेलं होतं ते पुसू लागल्या.

मेल्चोर फळ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. मी दमलोय. मला सर्दी झालीय. आज आहे, उद्या नसेल. मग त्याचे कान हळूहळू लाल झाले.

“आलं का डोक्यात?” सातुर्निनाने विचारलं. “की खेचराला बोलवू समजवायला?”

तेवढ्यात व्हॅनच्या ड्रायव्हरने दारातून डोकं आत घातलं. “तायता मेल्चोर, येताय ना? खिडकीची जागा धरलीय तुमच्यासाठी.”

मेल्चोर दाराकडे एक पाऊल गेला आणि परत बाकाशी आला.

होविताने त्याच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि आपल्या बाकाखाली सारलं.

“तू जा रे बाबा,” ती ड्रायव्हरला म्हणाली. “यांना अजून साधं ‘आहे’ कळत नाही. लिमाला जाऊन काय बोलणार?”