आधीचा फोटो

"जळताना दिसायला हवं, मावशी," रचना म्हणाली. "नुसती राख चालत नाही."

जाईबाईने आधी तिच्या मोबाइलकडे पाहिलं, मग आपल्या शेताकडे. या शेतात आठ वर्षांत काडी पेटली नव्हती. रचनाला ते चांगलं ठाऊक होतं. कृषी सहायक म्हणून विठ्ठलवाडीहून या गावात येऊन तिला चार वर्षं झाली होती, आणि तालुक्याच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ती जाईबाईचंच नाव घ्यायची.

योजनेला नावं ठेवायचं कारण नव्हतं. भाताची रोपं करायच्या जागेवर, म्हणजे राबावर, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायची इकडची जुनी रीत. त्याने माती भाजते आणि हवाही बिघडते. जो शेतकरी हे जाळणं सोडेल, त्याला सरकार शेताचा बांध बांधून देणार होतं. पण सोडेल त्याला. ज्याने आधीच सोडलंय, त्याच्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. पहिला फोटो यंदा जाळतानाचा, दुसरा पुढल्या वर्षी न जाळल्याचा. पहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. रचनाने वर तीनदा फोन केला. वरून तिला सांगण्यात आलं की मॅडम, सिस्टीमच तशी आहे. सिस्टीमपुढे कोणाचं काय चालतं?

आणि जाईबाईला बांध हवाच होता. दिवा स्टेशनच्या पुढे, अगदी खाडीला लागून तिचा तुकडा. गेल्या भादव्यातल्या उधाणाला बांध फुटला, खारं पाणी आत घुसलं आणि पोटरीला आलेलं भात उभ्याउभ्या करपलं. पावसाळ्याआधी बांध झाला नाही, तर सगळं शेत खारट होणार होतं. वागळे इस्टेटमध्ये कामाला असलेला तिचा मुलगा संदेश स्पष्टच बोललेला, "आई, परत पाणी आलं ना, तर विकून टाकू. बस झालं आता." विकत घेणारे दूर नव्हते. डोंबिवलीचे टॉवर शेतातून दिसतच होते.

"कराचं मंग," जाईबाई म्हणाली. "पन थोडाच हां. खाटेएवढा."

तिला लाज वाटत होती. लाज सरकारला फसवण्याची नव्हती, सरकारचं ते बघून घेईल. लाज होती ती गावाची. पहिला राब पेटवायचा मान तिच्या घराचा होता. आधी सासरा पेटवायचा, मग नवरा, आणि तो गेल्यावर ती. तिच्या शेतातून धूर निघाल्याशिवाय गावात कोणी काडी ओढत नसे. आठ वर्षांपूर्वी तिने पेटवायचं थांबवलं. कोणाला उपदेश केला नाही. पालापाचोळा तसाच अंथरून कुजू दिला, एवढंच. ती पेटवीना, म्हणून गावही पेटवीना. पहिली दोन वर्षं लोक कुरकुरले. राब भाजला नाही की तण फार माजतं, ते उपटता उपटता बायकांच्या कमरा मोडल्या. पण आता सगळ्यांना पटलंय, असं जाईबाई धरून चालली होती.

म्हणून ती कोणाला काही बोलली नाही. शेजारचा शेतकरी पोपट बांधावरून जाता जाता थांबला. "काय चाललंय काकी? मॅडम सकाळी सकाळी?"

"काय नाय रे. कागद हायेत," ती म्हणाली. तो गेला.

तिने घमेलं आणलं. कोपऱ्यातला पाला बाजूला केला आणि माती उकरून गांडुळं वेचायला बसली. रचनाही तिच्याशेजारी बसली. दोघींनी मिळून जमतील तेवढी वेचली. सगळी थोडीच हाती लागतात! मग जाईबाईने पाला परत ओढला आणि काडी लावली.

पाला खडखडीत वाळलेला होता. भर्रकन पेटला. रचनाने फोटो काढला, पाठवला, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर हिरवी खूण आली. "झालं मावशी! बांध होणार तुमचा!"

जाईबाईला आनंद व्हायला हवा होता. तिला स्वतःची किळस आली. तिने घाईघाईने बादलीभर पाणी ओतलं. आग विझली, पण पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि वारं नव्हतं म्हणून सरळ वर चढत गेला.

दोघी घरात आल्या. चहा उकळेपर्यंत दारातून जळका वास आत आला. आपल्याच शेताचा असेल, असं जाईबाईला वाटलं. वास वाढत गेला, तशी ती बाहेर आली.

पोपटचं शेत पेटलं होतं. त्याच्या पलीकडचं पंढरीचं पेटलं होतं. त्याच्याही पलीकडे, थेट रस्त्यापर्यंत, धूरच धूर होता. कुजवायला म्हणून यंदाचा पाला सगळ्यांच्या शेतात तयारच अंथरलेला होता. पोपट काड्यापेटी खिशात टाकत आला. तोंड काळं झालेलं, पण हसरं.

"काकी, तुमचा धूर दिसला आनि सुटलो एकदाचा! आठ वर्सं तुमच्या मानाखातर तण उपटलं आमी."

जाईबाईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. कागद, फोटो, बांध, काय काय सांगणार होती ती? ती अंगणातच खाली बसली. म्हातारीला एवढं काय झालंय, हे पोपटला कळेना.

रचना दारात उभी होती. तिने एकेका शेतावरून नजर फिरवली. या कामाचे सगळे नियम तिला पाठ होते.

"मावशी," ती म्हणाली, "आता अख्खं गाव योजनेत बसतं."