एकही सिग्नल न मोडलेली मुलगी

ऊर्जिता मुलाखतीच्या खोलीत येऊन बसताच तिच्या स्कूटीचा सगळा इतिहास भिंतीवर उमटला. तिने एकही सिग्नल मोडला नव्हता, पांढऱ्या रेषेपुढे कधी चाकही नेलं नव्हतं. वाहतुकीचे दंड मेडिकलच्या प्रवेशाला धरायला लागल्यापासून लातूरची क्लासला जाणारी सगळीच मुलं अशी गाडी चालवत. निवडयंत्राने तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

डॉ. सबनीसांनी मात्र एका दृश्यावर बोट ठेवलं. लाल दिव्यापाशी स्कूटींची रांग होती आणि त्यांच्या मागे एक रुग्णवाहिका अडकली होती.

"सगळ्यात पुढे तूच ना गं?"

"हो, सर."

"भोंगा ऐकू येत नव्हता?"

"येत होता की! पण वाट द्यायची तर रेषा ओलांडावी लागली असती. आमच्यातलं कुणीच हललं नाही," ती अभिमानाने म्हणाली.

डॉक्टर पुढे झुकले. त्यांना रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं.

"आत कोण होतं, त्याचं पुढे काय झालं, कधी चौकशी केलीस?"

ऊर्जिता गोंधळली. क्लासमध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"त्याचे वेगळे गुण असतात का, सर?"