तेरा नंबरची ओ

आमच्या नेटवर्किंगच्या वर्गात बारा कॉम्प्युटर आहेत. पन्नाशीत शिकायला आलेली मी एकटीच, म्हणून सर मला काकू म्हणतात आणि बहिरी समजून सगळं दोनदा सांगतात.

त्या दुपारी ते पिंग शिकवत होते.

"नंबर टाकून हाक मारायची, काकू. त्या नंबरचं मशीन ओ देतं. ओ यायला किती वेळ लागला, तो आकडा दिसतो. मशीन जितकं जवळ, तितका आकडा लहान."

चष्मा घरी विसरलेला. मी बाराऐवजी तेरा टाकला.

ओ आली. चारशे.

"तेरा नंबर कुणालाच दिलेला नाही," सर हसले. "लांबून कुठूनतरी येतंय."

मी पुन्हा हाक मारली नव्हती, तरी ओळी येतच राहिल्या. तीनशे दहा. दोनशे. नव्वद.

सरांचं हसू मावळलं. टेबलाखाली वाकून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरची नेटवर्कची केबल उपटली. वाय-फाय आमच्याकडे नाहीच. ओळी थांबल्या.

"काही नाही हो काकू, सेटिंग चुकलं असेल."

केबलचं टोक अजून त्यांच्या हातातच होतं, तेव्हा पडद्यावर नवी ओळ उमटली.

एक.