किसनचा दात

"ह्ये आमचे मालक न्हवंत."

कस्तुरा एवढं बोलली आणि टेबलापासून मागे सरली. तिने भिंत धरली. समोर दवाखान्याच्या टेबलावर बॉयलरच्या वाफेने होरपळलेलं मढं होतं. चेहरा सुजून ओळखीपलीकडे गेलेला. अंगावर कंपनीचे कपडे, सगळ्यांना मिळतात तसलेच. बॉयलर फुटला तेव्हा पाळीवर दोघेच होते, तिचा किसन आणि मालोजी. एक जागीच गेला. दुसरा भिऊन जो पळाला, तो कालपासून कुणाला दिसला नव्हता. गेला कोण आणि पळाला कोण, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"नीट बघा, बाई," हवालदार म्हणाला.

"बगितलं की! आमच्या मालकांचा वरचा म्होरचा दात न्हाई. बैलानं शिंग मारलं तवापास्नं. ह्येंचे समदे जाग्यावर हाईत."

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेला होता तो दात. तेव्हापासून किसन हसायचा तो तोंडावर हात धरून. कस्तुरा मुद्दाम त्याला हसवायची, हात ओढायची आणि "बगू की खिडकी!" म्हणायची. तो मग दिवसभर फुगून बसायचा. दुष्काळाने बार्शीकडचं गाव सोडून तो पिंपरीला कामाला आला, त्याला वर्ष होत आलं होतं. एसटीत चढतानाही हात तोंडावरच होता. मेली ती खिडकी आज तिला पावली.

मालोजीची बायको गोजाबाई दारातच थांबली होती. तिला आत बघवेना. कस्तुराचं बोलणं कानावर पडलं आणि ती मटकन खाली बसली. तिला आणखी कुणी काही विचारलं नाही. विचारायचं राहिलंच काय होतं?

किसनची खोली कुठे हे निरोप मिळताच गावाहून आलेल्या कस्तुराला ठाऊक नव्हतं. ती गोजाबाईबरोबर तिच्याच चाळीत गेली. मढं तिथे आलं ते तोंड झाकून आणि तसंच घाटावर गेलं. म्हाताऱ्या बायांनी गोजाबाईच्या बांगड्या फोडल्या तेव्हा तिचे हात कस्तुराने धरले होते. कस्तुरा रडत होती, पण खोटं कशाला सांगा, आतून तिचा जीव नुसता नाचत होता. आपला माणूस कुठेतरी लपला असेल, उपाशी असेल, पण आहे! लाज वाटत नाही का गं तुला, असं तिने स्वतःलाच खडसावलं. लाज वाटली. आनंद मात्र हटेना.

चार वाजता चिमाजी आला. हा किसनच्या खोलीतला जोडीदार, दुसऱ्या कंपनीत कामाला. पाळी संपवून परस्पर घाटावर गेला होता, दवाखान्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. ओल्या अंगाने तो दाराबाहेर उभा राहिला.

"वैनी, चला, किसनची खोली दाखवतो. येईल तो. भित्रा आहे, पण मनानं लाख माणूस. आला की आधी हसवा त्याला."

"हसत्यात कशाचे! तोंडावरचा हात निगंल तवा न्हवं."

"आता कशाला हात? गेल्या महिन्यात चिंचवडच्या डॉक्टरकडून दात बसवून घेतला की त्यानं! पक्का, शेजारच्या दातांना जोडून. लावलेला आहे असं सांगून खरं वाटणार नाही. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणाला. दिवाळीला गावी येऊन एकदम हसून दाखवणार होता."

तिकडे घाटावर चिता निम्म्याहून जास्त जळून गेली होती. कस्तुराने जो हंबरडा फोडला, त्याने अख्खी चाळ दारात आली. चिमाजी गडबडला. आपण वावगं काय बोललो, ते त्याला कळेना. तो परतपरत विचारत होता आणि ती तोंडावर हात धरून रडत होती.

आतून गोजाबाई उठली. बाया अडवत होत्या तरी ती बाहेर आली. कपाळ पांढरं झालेलं, मनगटं ओरखडलेली. तिने कस्तुराला पोटाशी धरलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"उगी, बाई, उगी. माज्यापायी किती रडशील? तुजा मालक यील बघ."