वाघरीच्या आतबाहेर

धाकट्या लेकाचं लग्न झालं त्या वर्षी माझी थोरली नात बाणाई कॉलेज सोडून मेंढरांच्या तळावर परतली. तिच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले होते. साठीत मला अक्षरं तिनंच मातीत गिरवून शिकवली होती.

वर्षभरानं श्रावण लागला, त्या सकाळी तिनं काठीनं मातीत मेंढरं कोंडायची वाघर काढली. जाळीला वाटेल तशी वळणं दिली, टोकाला टोक जुळवलं आणि एक खडा ठेवला. "तात्या, हे मेंढरू आत का बाहेर?"

"कुत्रं कुठं बसवलंय ते सांग, मग सांगतो."

ती खोकला येईपर्यंत हसली. "कुत्रं नाही हो! खड्यापासून लांबवर सरळ रेघ ओढा. जाळी ओलांडली की दर वेळी बाजू बदलते. शेवटी आपण बाहेरच असतो, म्हणून विषम वेळा ओलांडली तर मेंढरू आत."

रेघेनं जाळी तीनदा ओलांडली. "म्हणजे आत नाहीतर बाहेर. मधे कुठंच थांबता येत नाही?"

"नाही."

वर्षभर मी तिला मधेच कुठंतरी धरून ठेवलं होतं.

तिनं खडा उचलून जाळीबाहेर ठेवला.

"आता परत आत येईल?"

"मेंढरू येईल, तात्या."

बाणाई त्याच श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वारली.