अनोळखी बाळाचं रक्त

"नाळेतलं रक्त? अहो डॉक्टर, तीस वर्षं बाळंतपणं केलीत मी. हजारो नाळा या हातांनी बादलीत टाकल्यात!" रक्ताच्या कर्करोगानं खंगलेल्या साळवे सिस्टर हसल्या.

डॉक्टर हसले नाहीत. "तुमच्या हाडातला मगज बदलायला हवा, पण घरातलं कुणीच जुळलं नाही, सिस्टर. एका अनोळखी बाळाच्या नाळेतलं रक्त जुळतंय. त्यात नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी मोजक्याच आहेत. शिरेतून दिल्या तर वाटेत बऱ्याच हरवतील, म्हणून थेट कमरेच्या हाडात सोडू."

केमो संपली आणि जाड सुईनं ते चार-पाच चमचे रक्त हाडात गेलं. मग नुसती वाट पाहणं. ताप, तोंडात फोड, पाण्याचा घोटही नकोसा. पांढऱ्या पेशींचा आकडा रोज शून्य. सिस्टरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, बोलणंच सोडलं.

तेविसाव्या दिवशी डॉक्टर मास्कमधूनच ओरडले, "सिस्टर, सहाशे! पेशी रुजल्या!"

सिस्टरांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग विचारलं, "ते बाळ आता केवढं असेल हो?"

"सहा वर्षं जपून ठेवलेलं रक्त होतं. पहिलीत असेल."

सिस्टरांनी डोळे पुसले.

"थोडा मऊ भात मिळेल का?" त्या म्हणाल्या. "भूक लागलीय."