आधाराची काठी

पूडल कुत्र्याच्या अंगावरचे बारीक कुरळे केस रंगवताना हात हलून चालत नाही, म्हणून आम्ही चित्रकार मनगटाखाली लांब काठी धरतो. मी ती उचलताच चित्रासाठी स्टुलावर बसवलेली शेरी उडी मारून टेबलाखाली शिरली आणि तिथेच मुतली.

"नाटकं नुसती!" तिचे मालक देवस्थळी उठले. "शेरी, काठी आण!"

ती सरपटत बाहेर आली. माझ्या हातातली काठी तिने दातांत अलगद धरली, मालकांना नेऊन दिली आणि मान खाली घालून डोळे मिटले.

पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा बसायच्या आत मी काठी हिसकावली आणि देवस्थळींच्या मनगटावर हाणली. मग खांद्यावर. मग तोंडावर.

"अहो बाई, वेड लागलंय का?" ओरडत ते दाराबाहेर पळाले, तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त गळत होतं.

मी काठी फेकून दिली, गुडघ्यांवर बसले आणि हात पसरले. "ये गं, बाळा."

शेरी आली. वाटेत तिने काठी उचलली, माझ्या हातात दिली आणि मान खाली घालून डोळे मिटले.